खांबेटे सरांचा जपानी सिनेमा

कुवेतला नवा मराठी इंजिनिअर आला की त्याला तीन गोष्टी चुकत नसत. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि खांबेटे सरांच्या घरचा जपानी सिनेमा. पहिल्या दोन सरकार करून घेतं. तिसरी सर स्वतः करून घेत, आणि सरकारकडून एक वेळ सवलत मिळाली असती, सरांकडून मिळत नसे.

रविकांत खांबेटे मूळचे चिंचवडचे. आमच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ते बावीस वर्षं पाइप तपासत होते. पाइप आतून झिजतो, बाहेरून तो छान रंगवलेला आणि गुटगुटीत दिसतो. त्याला जेल लावायचं, यंत्राचा प्रोब टेकवायचा, भिंतीची जाडी मोजायची, जिथे मोजलं तिथे रंगाने वर्तुळ काढायचं आणि आकडा घेऊन यायचा. मी देवयानी, नाशिकची, नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली. सर उन्हात पाइपांवर चढत आणि मी एसीत बसून त्यांचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून बघत असे. ते मला 'सावलीतल्या बाई' म्हणत. मी उलट बोलत असे. उलट बोललेलं त्यांना आवडायचं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच बोलायची.

तर तो सिनेमा. फार वर्षांपूर्वी एका शटडाउनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात तेव्हा, एक जपानी सुपरवायझर आला होता. चार महिने दोघे एकाच मचाणावर घाम गाळत होते. जाताना त्याने सरांना एक डीव्हीडी दिली. एका डिटेक्टिव्हची आणि तीन खुनांची गोष्ट. खाली सबटायटल नाहीत, इंग्रजी नाही, काही नाही. सरांनी तरुणपणी ओसाकाला सहा महिन्यांचं ट्रेनिंग केलेलं. त्यांचं जपानी चहा मागण्यापुरतं आणि स्टेशन विचारण्यापुरतं. एवढ्या भांडवलावर ते टीव्हीशेजारी उभे राहून अख्खा दोन तासांचा सिनेमा मराठीत सांगत.

आणि सांगत झकास. त्यांचा डिटेक्टिव्ह सदाशिव पेठेतला होता. "दुपारी एक ते चार आपण काय करत होतात?" असं तो साक्षीदाराला विचारी. साक्षीदार म्हणे, "झोपलो होतो. आपण काय करता?" पडद्यावरचे ते गंभीर जपानी चेहरे आणि हे संवाद. मी हसून हसून खिचडी सांडलेली आहे. मूळ सिनेमात खरंच काय बोलतात, ते देव जाणे आणि तो सुपरवायझर जाणे.

गोष्ट मात्र भीषण. समुद्राकाठचं लहानसं गाव, सगळीकडे बर्फ. एकाच गल्लीत तीन माणसं मारली जातात आणि तिघंही मरण्याआधी पोटभर जेवलेली असतात. डिटेक्टिव्हची बायको वारलेली आहे. त्याला झोप येत नाही. हळूहळू त्याला स्वतःचीच शंका येऊ लागते, आरशासमोर उभा राहून तो आपले हात निरखतो. भिंतीवर त्याने गल्लीचा नकाशा लावलाय, तपासलेल्या घरावर तो एकेक फुली मारत जातो. या नकाशावर कॅमेरा थांबला की सर रिमोट दाबत आणि नव्या माणसाकडे वळत.

"काय बघायचं राहिलं?"

नवा माणूस गडबडून जाई. बहुतेक जण न्हाव्याचं नाव घेत, कारण त्याच्या हातात वस्तरा. खरं उत्तर होतं गल्लीच्या टोकाची खानावळ. डिटेक्टिव्ह रोज तिथेच जेवतो. म्हातारा मालक त्याच्यापुढे वाफाळता वाडगा ठेवतो आणि हा मान खाली घालून खातो. नकाशावर त्या एका घरावर फुली नाही. खुनी तो म्हातारा. उत्तर सांगून झालं की सर म्हणत, "रोजचं असतं ते दिसत नाही. का? आळस." हा त्यांचा धडा. उद्यापासून पाइपांवर जायचंय, ओळखीचा पाइप म्हणून सोडू नकोस, एवढंच सांगायला ते दोन तास खर्च करत.

मला माझ्या वेळी उत्तर आलं होतं. कारण मला भूक लागली होती आणि माझं सगळं लक्ष त्या वाडग्याकडे होतं. सर खूश झाले. बायकोला, म्हणजे चारुशीलाकाकूंना, म्हणाले, "हिला अजून खिचडी वाढ, हिला डोळे आहेत."

त्या खिचडीनंतर सरांचं फिंतासचं ते घर माझं माहेरच झालं. नवऱ्याचा व्हिसा अडकला होता, मुलगी नाशिकला आईकडे, आणि मी दीड वर्ष एकटी. काकू शुक्रवारी फहाहीलच्या बाजारातून दोन पिशव्या भाजी आणायच्या, एक त्यांची, एक माझी. कोविडमध्ये मी खोलीत बंद होते तेव्हा सर रोज चारला फोन करत. "ताप किती?" मी म्हणायची, बरं आहे. "बरं आहे हा आकडा नव्हे. आकडा सांग." मी आकडा सांगायची, ते लिहून घ्यायचे, मग फोन ठेवून मी रडायची, कारण माझा ताप लिहून ठेवणारं त्या देशात दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळं आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं त्याला ही सबब नव्हे, पण कारण हेच.

मार्चमध्ये छत्तीस नंबरच्या लाइनचा आकडा आला. दोन वर्षांपूर्वी तिथे जाडी सहा पूर्णांक तीन मिलिमीटर होती. सरांनी आणलेला नवा आकडा आठ पूर्णांक नऊ. मी दोनदा डोळे चोळले. पाइप झिजतो. पाइप बाळसं धरत नाही. आधी मी यंत्राला शिव्या घातल्या, मग कॉम्प्युटरला, आणि मग मुनव्वरला बोलावलं. मुनव्वर आमचा टेक्निशियन, लखनौकडचा, कमी बोलणारा. त्याला म्हटलं, गुपचूप जाऊन परत मोज. तासाभराने तो आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"मैडम, साहब ने अड़तीस नंबर नापा है. गोला भी अड़तीस पे बनाया है. छत्तीस पे कुछ नहीं."

छत्तीसची खरी जाडी होती पाच पूर्णांक आठ. साडेपाचला पाइप बदलावाच लागतो. बावीस वर्षं पाइपांच्या ज्या रॅकखाली सर डोळे मिटून चालले असते, तिथे ते शेजारच्या पाइपाला भलताच पाइप समजले होते. उन्हाने झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मार्चमध्ये कुवेतला कसलं ऊन, पण माणूस स्वतःला काहीही सांगतो. मुनव्वरचा आकडा मी सरांच्या नावावर घातला.

मग एप्रिलमध्ये दुसरा. मग तिसरा. मीटिंगमध्ये सरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा मी हसले. सरांच्या आकड्याची शंका आली की मी मुनव्वरला मागून पाठवायला लागले. "बड़े हैं, मैडम," एवढंच तो म्हणायचा आणि यंत्र उचलायचा. सर डिसेंबरअखेर साठीचे होऊन निवृत्त होणार होते. आठ महिने राहिले होते. आठ महिने आपण सांभाळू, मग ते मानाने घरी जातील, हार घालू, फोटो काढू. असा माझा बेत. कळवलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. साइटवर बंदी, वैद्यकीय मंडळ, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, महिन्याभरात सामान बांधा.

आणि न कळवलं तर काय होईल, तेही ठाऊक होतं. छत्तीसच्या रॅकखाली दुपारी सावली असते. तिथे तीस-चाळीस कामगार डबा खातात, काही जण बुटांची उशी करून पडतात. मी रोज रात्री त्या बुटांचा विचार करत असे आणि सकाळी पुन्हा गप्प बसत असे. मला माझीच लाज वाटत होती, पण सरांच्या पुढ्यात गेलं की ती लाज परवडायची.

जूनमध्ये धैर्यशील आला, कोल्हापूरचा, तिशीतला, बायको श्वेता बरोबर. शुक्रवारी दोघांना फिंतासला बोलावणं गेलं. दोनच दिवसांनी, रविवारी, सरांची सही व्हायची होती. येत्या शटडाउनमध्ये कोणते पाइप बदलायचे आणि कोणते ठेवायचे, त्या यादीवर. एकदा सही झाली की पुढची चार वर्षं त्या पाइपांकडे कोणी बघणार नव्हतं. माझ्या हिशेबाने सगळे चुकलेले आकडे मी पकडले होते. पण मी पकडले ते जाडी वाढलेले. एखादा पाइप चुकीचा मोजूनही आकडा शोभेसा आला असेल तर तो मला कळणार कसा, हे मला परवाच सुचलं होतं.

नमाज आटोपून रस्ते मोकळे झाले तसे आम्ही पोहोचलो. साबुदाण्याची खिचडी, ताक, पडदे ओढलेले. काकू दारातच मला म्हणाल्या, "आज नको लावायला सिनेमा. डोकं दुखतंय म्हणत होते." पण सर तोवर टीव्हीशेजारी उभे राहिले होते, हातात रिमोट, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास गेली. एक ते चार झालं, श्वेता हसली. दुसरा खून झाला. डिटेक्टिव्ह पोलीस चौकीत आला आणि बोलू लागला, आणि सर बोलेनात. मी मान वर करून बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, तोंड किंचित उघडं, जसा कुणीही पहिल्यांदा सिनेमा बघतो तसे.

"सर, काय म्हणतोय तो?" श्वेताने विचारलं.

"थांब जरा. बघू दे ना."

जपानी माणूस बोलतच होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन थिजल्या होत्या. मला ते सहन होईना. मी उठले, सरांना खुर्चीवर बसवलं आणि टीव्हीशेजारी उभी राहिले. नऊ वर्षांत मी हा सिनेमा अकरा वेळा बघितला होता. मी सांगायला लागले. माझा डिटेक्टिव्ह पुण्याचा होईना, तो नाशिकचा झाला, आणि साक्षीदारांशी जरा गोडीने वागू लागला. सर पुढे झुकून ऐकत होते. मधेच धैर्यशीलला म्हणाले, "पकड घेतोय हा सिनेमा."

नकाशा आला. माझं बोट सवयीने रिमोटवर गेलं. तिथे थांबवायला नको होतं, पण थांबवला गेला.

"काय बघायचं राहिलं?" मी धैर्यशीलला विचारलं.

"मला वाटतंय, न्हावीच असणार बघा," धैर्यशील म्हणाला.

"न्हावी नाही," सर म्हणाले. "खानावळ. फुली नाही तिथे."

माझ्या जिवात जीव आला. आठवलं, आठवलं त्यांना. मी काकूंकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले होते. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे का? आणि हा सिनेमा आणला कुणी? चांगला आहे."

आठवलं नव्हतं. त्यांनी बघून ओळखलं होतं. आठवण गेली होती आणि नजर जागच्या जागी होती, हे मला त्या क्षणी कळलं.

श्वेता बिचारी नवी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने विचारलं, "पण रोज जातो ना तो तिथे? मग तिथेच कसं नाही बघितलं?"

"आळस," मी म्हटलं. धडा मला पाठ होता.

"छे," सर म्हणाले. "आळस कुठला? माणूस आळशी दिसतोय का तुला? बर्फात रात्र रात्र फिरतोय तो. नीट बघ. बायको गेलेली. दिवसातून एकदा तो म्हातारा विचारतो, अजून वाढू का. त्या घरात शिरलं आणि काही सापडलं, तर उद्या जेवायचं कुठे? म्हणून नाही शिरत. माया आहे ती. त्याला माहितीये, आणि म्हणूनच तो तिथे बघत नाही."

मी रडायला लागले. थांबवता येईना. धैर्यशील आणि श्वेता एकमेकांकडे बघत राहिले. सरांनी मला रडू दिलं आणि पाइपाकडे बघावं तसं शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. एकेक गोष्ट ते जुळवत होते, आणि ते मला दिसत होतं.

"छत्तीसवर एक वर्तुळ आहे," ते सावकाश म्हणाले. "मी डावीकडून काढायला घेतो. ते उजवीकडून घेतलंय. मुनव्वरचा हात आहे तो. बेचाळीसवर पण आहे. मला वाटलं, पोरगं हात बसवतंय." मग चष्मा काढला. "देवयानी, माझी किती रीडिंगं परत घेतलीस?"

नऊ वर्षांत मी त्यांना कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

"एकोणीस."

"चुकलेली किती?"

"सतरा."

"म्हणजे दोन आली की बरोबर," ते म्हणाले, आणि हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

काकू पुढे आल्या. गेल्या डिसेंबरपासून सरांना गाडीने प्लांटवर त्याच सोडत होत्या. छप्पन्नाव्या वर्षी तीनदा नापास होऊन लायसन्स काढलं होतं, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. सरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तू गाडी शिकलीस ती..."

"तुम्ही सबाह अल-सालेमला सिग्नलपाशी दोन तास उभे होतात. रस्ता आठवेना म्हणून."

"मला वाटलं, तुला हौस आहे."

"मला गाडीचा तिटकारा आहे," काकू म्हणाल्या. त्या त्यांच्या शेजारी बसल्या आणि डाव मांडीवर ठेवला. मग मला म्हणाल्या, "मला वाटायचं, हे माझं एकटीचंच आहे. तू निदान मला तरी सांगायचंस, गं."

एकाच माणसाला दोघी जणी दोन बाजूंनी धरून उभ्या होतो, आणि एकमेकींना पत्ता नव्हता.

सरांनी कागद मागितला. धैर्यशीलने पटकन खिशातली वही दिली. सरांनी चष्मा लावला, एक पान उलटलं आणि आमच्या तपासणी अहवालाचे रकाने आखले, हातानेच, पण सरळ. उपकरण या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. वापरात आल्याचं वर्ष लिहिलं, ते काकूंना विचारून. मग निरीक्षण. तिथे ते बराच वेळ थांबले आणि मग लिहिलं, 'आठवण ठिकठिकाणी पातळ झाली आहे. बाहेरून दिसत नाही.' शिफारशीच्या रकान्यात मात्र अजिबात थांबले नाहीत. 'सेवेतून तातडीने काढावे. गेल्या एका वर्षातील सर्व मोजमापे दुसऱ्या निरीक्षकाकडून पुन्हा घ्यावीत.'

"सर, सातच महिने राहिलेत," मी म्हटलं. "मी आणि मुनव्वर सगळं परत मोजतो. कुणाला कळणार नाही."

"छत्तीसखाली डबा खातात ना, त्यांना विचारून ये. सात महिने थांबता का म्हणावं." ते रागावले नव्हते. मला शिकवताना जसे बोलत तसेच बोलले. "आणि तुझं काम चुकलं, बरं का. माझं चुकलं ते दुखणं आहे. तुझं चुकलं ती चूक आहे. परत करू नकोस."

"नाही करणार."

"रविवारी हे मी स्वतः नेऊन देतो. चारू गाडी चालवेल."

काकूंनी मान हलवली. सरांनी खाली सही केली. ती सही मी हजारो अहवालांवर बघितली आहे, एका ओढीत, शेवटी खाली वळलेली. तीत काहीही बदललं नव्हतं. मग वही माझ्याकडे सरकवली. अहवालाला दुसऱ्याची सही लागते. तपासणाऱ्याने लिहिलेलं खरं आहे, असं म्हणणाऱ्याची.

सर वाट बघत राहिले, आणि आपण वाट बघतोय हे त्यांनी मला दिसू दिलं. शेवटी मी पेन घेतलं आणि सही केली.

"तारीख घाल," सर म्हणाले. "तारखेवाचून सही म्हणजे नुसती रेघ."

मी पेन टेकवलं. त्यांनी जरा माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आज किती आहे गं?"

मी सांगितली, आणि त्यांच्यासमोर लिहिली.